जूनपासूनचं टाइमटेबल

"ताई, फ्रिजवर काय चिकटवलंय माहितीये? टाइमटेबल! ३१ मेला रिटायर होणार आणि १ जूनपासून पहाटे साडेपाच ते रात्री दहा, एक तास मोकळा नाही."

गंगापूर रोडच्या आमच्या कॉलनीतलं हे कुंपण जेमतेम कमरेएवढं. वहिनींनी बादली खाली ठेवली की अर्धा तास गेलाच.

"पण सरांचा वाढदिवस तर दिवाळीत असतो ना?"

"तो खरा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिला. त्या पिढीत गावोगाव तेच. म्हणून तर मेअखेरीला स्टाफरूमा ओस पडतात. कागदावर साठ भरले, चला घरी!"

"बरं, करणार काय काय?"

"पहाटे पांडवलेणी चढणार. गुडघ्यांना विचारलंय का? मग सावानात वाचन. सावाना १८४० पासून उघडं आहे, ह्यांना जून उजाडायचा होता! रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक. आणि दिंडोरीला माझ्या भावाच्या द्राक्षबागेत लक्ष घालणार म्हणे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, यातला फरक काल मला फळ्यावर काढून दाखवला. मला! बागेत वाढले मी."

"आणि कॉलेजात तासांवर नाही बोलावलं?"

"बोलावलं की. नाही म्हणाले. नेट-सेट झालेली पस्तिशीची पोरं तासिका तत्त्वावर राबतायत, त्यांचे तास मी कशाला खाऊ, म्हणाले."

हे मात्र मला आवडलं. जुनी पेन्शन असलेल्या माणसाने एवढं तरी करावं.

"सासरे सांगायचे," मी म्हटलं, "एच.पी.टी.त कानेटकर सर होते. 'रायगडाला जेव्हा जाग येते' आलं १९६२ ला, तेव्हा त्यांची प्राध्यापकी चालूच होती. नाटकं लिहायला ते काही रिटायर व्हायचे थांबले नव्हते."

"तेच म्हणते मी! इतकी वर्षं पेपर तपासणं, नॅकच्या फायली आणि पीएच.डी.ची पोरं. कोपऱ्यावरून मेथीची जुडी आणली नाही कधी. आता एकदम सेंद्रिय शेती. पेन्शनही विकायची म्हणतात, गच्चीवर पुस्तकांची खोली बांधायला. मी म्हटलं, आधी आहेत ती पुस्तकं वाचा."

"तुमचं नाव नाही का टाइमटेबलात?"

"आहे ना. चार ते पाच, 'सौ.सोबत चर्चा'. चर्चा कसली, पंचेचाळीस मिनिटांचं लेक्चर आणि शेवटी 'काही शंका?' चारला माझं भजनी मंडळ असतं, ते सोडणार नाही. पण ताई, त्यांना समोर कुणीतरी लागतंच हो. रिकाम्या खुर्चीशी काय बोलणार?"

"आमचे हे आहेत की. बँकेतून सुटल्यापासून चारला झोपाळ्यावरच असतात. ऐकू जरा कमी येतं, पण मान फार छान हलवतात."

"खरंच? मग एक जूनपासून पाठवू?"

"पाठवा. फळा मात्र तुमचा तुम्ही आणा."