चाचणी एकदाच का?

अमेरिकन फुटबॉलच्या 2000 सालच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, 198 जणांची नावं पुकारून झाल्यावर टॉम ब्रेडीचा नंबर लागला. पुढे त्यानं 7 सुपर बाऊल जिंकले. 2007 मध्ये पहिल्याच क्रमांकावर उचललेला जामार्कस रसेल मात्र तीन हंगामांत घरी बसला. मोजमापं, चित्रफिती, मुलाखती असं सगळं हाताशी असूनही खेळाडू पुढे कसा निघेल हा अंदाज चुकतो.

आपली कबड्डी बघा. चंदगडकडच्या सिद्धार्थ देसाईवर 2018 च्या प्रो कबड्डी लिलावात यू मुम्बा संघानं 36 लाख 40 हजार लावले. त्यानं एका हंगामात चढाईचे 218 गुण आणले आणि पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. वर्षभरापूर्वीही पोरगा हाच होता, मांड्यांत ताकदही हीच होती.

आणि आपला अविनाश साबळे? बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. बारावी झाली, लष्करात गेला, सियाचीनला राहिला. स्पर्धेतलं धावणं सुरू झालं ते 2015 मध्ये, पलटणीच्या क्रॉस कंट्रीतून. वय विशीच्या पुढे. 2018 मध्ये त्यानं स्टीपलचेसचा 37 वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला आणि 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य घेतलं. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांशांनी.

पारख चुकते याचा मला राग नाही. पंधराव्या वर्षी उंची मोजता येते, 30 मीटरचा वेळ घेता येतो; पोरगं विसाव्या वर्षी किती सोसेल हे कुठल्याच टेपनं कळत नाही. राग येतो तो एकदा चुकून कायमचं दार लावण्याचा. शाळेत असताना निवड हुकली की बीडकडच्या चौसाळ्याच्या पोराला पुढे उरते फक्त भरती. तो पहाटे हायवेच्या कडेनं पळतो ते 1600 मीटरच्या गुणांसाठी. त्याचा 5000 मीटरचा वेळ आजवर कुणी घेतलाय?

साबळेला संधी लष्करानं दिली, जिल्ह्यानं नाही. म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्यात दरवर्षी बावीस वर्षांपर्यंतच्या सगळ्यांसाठी खुली चाचणी घ्या. गेल्या वर्षी नापास झालेल्यालाही उभं राहू द्या. प्रत्येकाचा वेळ लिहून ठेवा आणि सुधारणा दिसली की त्याला बोलवा. याला स्टेडियम लागत नाही. मोजलेलं मैदान, स्टॉपवॉच आणि वही एवढं पुरे.