रंगमामा

जत्रेचा फ्लेक्स असो, लग्नपत्रिका असो की दहावीच्या टक्क्यांचा बॅनर, जांबोटीसारख्या गावात रंग पास करतात ते रंगमामा. मजकूर सगळ्यांनी वाचायचा असतो, म्हणून कोणीच वाचत नाही. रंगाचं खातं मात्र मामांकडे. अधिकार कुठला म्हणाल, तर तरुणपणी त्यांनी देवळाच्या खांबांना ऑइलपेंट दिला होता.

मामांचा जीव भगव्यात. बेळगावच्या सीमाभागात भगवा चुकला की लावणाऱ्याच्या निष्ठेचीच चर्चा सुरू होते, त्यामुळे प्रकरण नाजूक. व्हॉट्सअॅपवरच्या डिझाइनमध्ये झळकणारा भगवा बेळगावातून छापून आला की विटकरीकडे झुकलेला असतो. मामा फोनचा ब्राइटनेस टोकाला नेतात, फोन फ्लेक्सला चिकटवतात आणि प्रेसच्या ऑपरेटर पोराला विचारतात, "ह्यात झळकालाय, मग ह्यात का मेलाय ओ? शाई खाल्लासा काय?"

पोरगा सांगतो, "मामा, स्क्रीन लाल, हिरवा, निळा असा उजेड बाहेर फेकते. आमची शाई उजेड गिळते. निळसर, गुलाबी, पिवळी, काळी, एवढ्या चारच शाया. झगझगीत केशरी, पोपटी ह्यांच्यात बसत नाही. जवळचा रंग येतो."

"मग पाचवी घाल की!"

पोरगा हसतो, पण इथे मामा अगदीच चुकलेले नाहीत. मोठ्या छपाईत हवा तोच रंग यावा म्हणून त्याची वेगळी शाई घालतात; पॅन्टोन कंपनीची शेडकार्डं 1963 पासून त्याच कामाची. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला, तिथेही एकेका रंगासाठी छपाईचा वेगळा दगड असे. फक्त दोन दिवस टांगायच्या फ्लेक्ससाठी असला खर्च जत्रेची कमिटी करणार नाही, आणि कमिटीचे खजिनदारही मामाच.

एकदा कमिटीच्या तिघांनी तीन फोन शेजारी ठेवले. तीन भगवे निघाले. एकावर रात्रीचा पिवळा मोड चालू होता. मामांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "माझा फोन महागाचा, रंग माझाच खरा."

मामींना हे कोडं कधी पडलंच नाही. शहापुरात साडीवर ब्लाऊजपीस घेताना त्या दोन्ही कापडं उचलून दुकानाच्या पायरीवर येतात. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर दगा देतो, हे त्या जाणून आहेत. मामा मात्र फ्लेक्स प्रेसच्या ट्यूबखाली पास करतात आणि वेशीवर टांगल्यावर भांडायला परत जातात.

तुमच्या गावच्या रंगमामांना एवढंच सांगा: फोन खिशात ठेवा. त्याच मशीनवर, त्याच कापडावर वीतभर नमुना काढून घ्या आणि दुपारी बाहेर नेऊन बघा. जुलैत जांबोटीत ऊन शोधत बसू नका, ढगाळ उजेडही चालतो. नमुना तेवढा भिजू देऊ नका. आणि तुम्ही, नमुना पसंत पडला की त्यावर मामांची सही घ्या. पेनानेच घ्या, तोंडी होकार मामा वेशीवर पोचेपर्यंत विसरतात.