एका टिंबाची दोन घराणी

मुलीला गाण्याचे दोन क्लास लावण्याआधी पालकांनी स्वराच्या डोक्यावरच्या टिंबाची चौकशी करावी. भातखंडे स्वरलेखन पद्धतीत हे टिंब म्हणजे तार सप्तक. पलुस्कर पद्धतीत तेच टिंब म्हणजे मंद्र. सोमवारचे सर जिथे चढवतात, तिथूनच गुरुवारच्या बाई खाली उतरवतात, आणि वही एकच. तालाच्या खुणांचेही तेच: भातखंड्यांची फुली समेवर असते. पलुस्करांकडे अधिकचे चिन्ह 'खाली'च्या मात्रेवर. घाईघाईत काढलेली फुली नेमकी कुणाची, हे तबलजीने ठरवावे.

निदान इथे नियम छापलेला तरी आहे. गळ्याचे तसे नाही. किराणा घराण्याच्या वळणाचे गुरुजी म्हणणार, आधी सूर लागू दे, लय कुठे पळून जात नाही. आग्र्याच्या वळणाचे म्हणणार, नुसता सूर काय लावत बसलीस, बोल लयीत टाक. एकमत फक्त एका प्रश्नावर: "हे कुणी शिकवलं तुला?" (उत्तर 'यूट्यूब' द्यावे. त्याला राग येत नाही.)

अशा वेळी पालक गायक भास्करबुवा बखल्यांचा (१८६९–१९२२) दाखला देतात. बुवा फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांकडे शिकले, हे खरेच. पण त्यांनी गुरूंपाशी वर्षानुवर्षे तालीम घेतली. एका आठवड्यात तीन क्लास बसवले नव्हते. हा तपशील फी भरताना सोयीने गळतो.

राहता राहिली परीक्षा. परीक्षक कुणाचा शिष्य ते आधी काढावे, मग तानपुरा लावावा.