पिताना टिकते, सोडताना जाते

दारू पिणाऱ्या माणसाला आपली ऑफिसं वर्षानुवर्षं सांभाळून घेतात. सोमवारची दांडी, जेवणाच्या सुट्टीनंतर तोंडात टाकलेली वेलची, दुपारी टेबलावर टेकलेलं डोकं, सगळं खपून जातं. सहकारी त्याचं काम उरकतात, साहेब काणाडोळा करतात. तोच माणूस एक दिवस म्हणतो, "मला उपचार घ्यायचेत, महिनाभर रजा द्या," आणि त्याच ऑफिसला शिस्त आठवते. पिताना टिकलेली नोकरी सोडताना जाते. याची मला चीड येते.

जरा हिशेब मांडू. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा. आता कारखान्याची रजा बघा. कायद्याप्रमाणे २० दिवस कामाला एक भरपगारी रजा, म्हणजे वर्षभर राबलं तरी पंधराच्या आसपास. शिवाय आदर्श स्थायी आदेशांनुसार बिनरजेचे सलग १० दिवसांपेक्षा जास्त खाडे हे गैरवर्तन. पंधरा दिवसांच्या रजेत पस्तीस दिवसांचा उपचार बसवायचा कसा? म्हणून माणूस अर्जावर लिहितो 'कावीळ'. व्यसनातून सुटायला निघालेल्या माणसाचं पहिलंच पाऊल खोटं पडतं, आणि ते आपण त्याला टाकायला लावतो.

बहुतेक वेळा अर्ज घेऊन येते बायको. नवरा केंद्रात दाखल झालेला असतो आणि ती एचआरच्या केबिनबाहेर, पर्समध्ये घडी घालून ठेवलेला डॉक्टरांचा कागद धरून बसलेली असते. कागदावर केंद्राचं नाव छापलेलं असतं, आणि नेमकं तेच तिला लपवायचं असतं. आत गेल्यावर ती एवढंच विचारते, "नोकरी राहील ना साहेब?" घराचा हप्ता, मुलांची फी, सगळं त्या उत्तरावर. बऱ्याच ठिकाणी उत्तर येतं, "बघू." या 'बघू'च्या भीतीनं कित्येक जण दाखलच होत नाहीत. २०१९ साली केंद्र सरकारनं प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक. या आकड्यांना कारणं अनेक आहेत, पण नोकरीची धास्ती त्यातलं लहान कारण नाही.

कायदा काय म्हणतो? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापरातून येणाऱ्या मानसिक अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत. म्हणजे हा आजार आहे, हे संसदेनं मान्य केलंय. शारीरिक आजाराइतकंच विम्याचं संरक्षण मानसिक आजारालाही द्या, असंही त्याच कायद्यात आहे. प्रत्यक्षात आरोग्यविम्याच्या पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींची जी ठरावीक यादी छापलेली असते, तिच्यात बारावा क्रमांक व्यसनाच्या उपचारांचा. कलम एकीकडे, अपवाद दुसरीकडे, आणि बिल रुग्णाच्या घरी.

"दारुड्याच्या हातात मशीन द्यायचं का?" असं मालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. देऊ नका. क्रेन, प्रेस, बसचं स्टिअरिंग, काहीही लगेच देऊ नका. पण विमान वाहतूक बघा, जिथं चूक झाली तर शेकडो जीव जातात. अमली पदार्थांच्या चाचणीत वैमानिक किंवा केबिन क्रू पहिल्यांदा सापडला, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम त्याला व्यसनमुक्ती केंद्रात पाठवायला सांगतो. पुन्हा केलेली चाचणी निर्दोष आली आणि डॉक्टरांनी तंदुरुस्त ठरवलं, की तो कामावर परत. दुसऱ्यांदा सापडला तर तीन वर्षं परवाना निलंबित, तिसऱ्यांदा रद्द. कडक आहे, पण परतीची वाट लिहून ठेवलेली आहे. आकाशात जे जमतं, ते भोसरीतल्या नाही तर अंबडमधल्या कारखान्याच्या शेडमध्ये का जमू नये?

आणि ३५ दिवसांनी सगळं संपत नाही. खरी कसोटी पुढचं वर्ष. सुरुवातीला झोप लागत नाही, चिडचिड होते, पगाराच्या दिवशी ओढ लागते. फॉलोअपची मीटिंग चुकवून चालत नाही, आणि नेमका त्याच संध्याकाळी सुपरवायझर ओव्हरटाइमला थांबवतो. त्यात पार्टीला कुणीतरी ग्लास पुढं करून म्हणतो, "एकानं काय होतंय?" एकानंच होतं. ज्यानं हात आवरलाय त्याला आग्रह करणारा सहकारी माझ्या मते त्या माणसाचा आणि त्याच्या घरादाराचा गुन्हेगार आहे. पाय घसरणं हाही या आजाराचाच भाग आहे. एकदा घसरला म्हणून लगेच हिशेब हातात देऊ नका, पुन्हा उपचाराला पाठवा.

कंपन्यांनी फार काही करायचं नाही. उपचारासाठी सलग रजा, मग ती बिनपगारी असली तरी चालेल, पण नोकरी शाबूत राहील हे लेखी. वर्षभर आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी. परतल्यावर काही महिने धोका नसलेलं काम, आणि ठरलेली तपासणी त्याच्या संमतीनं. फाइल बंद कपाटात, कँटीनमध्ये चर्चा नाही. युनियनवाल्यांनो, बोनसच्या मागणीखाली ही एक मागणी पुढच्या करारात टाका.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला स्वतःसाठी किंवा शेजारच्या टेबलावरच्या माणसासाठी मदत हवी असेल, तर सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे. फोनला पैसे पडत नाहीत. आजच करा.