गणपती कुठे ठेवला?

भोपाळच्या अरेरा कॉलनीत माझा भाचा राहतो. घरी लिनक्स, आणि माउसला हात लावणं म्हणजे विटाळ. परवा म्हटलं, ‘बाबा रे, मंडळाचा गणपतीचा जुना हिशोब तुझ्याकडे ठेवलाय, काढून दे.’ ‘दोन सेकंद, मामा,’ म्हणत तो काळ्या पडद्यावर बोटं बडवू लागला.

आधी ‘लोकेट’. ही आज्ञा फायलींच्या नावांची आधीच करून ठेवलेली यादी बघते. यादी कालची तर उत्तरही कालचं. मग ‘फाइंड’. ते बिचारं प्रत्येक फोल्डरचं दार ठोठावतं, पण फायलीचं नाव तर सांगायला हवं! आमच्या फायलीचं नाव कुणालाच आठवेना. (‘फायनल नवीन २’ होतं, हे मागाहून कळलं.) शेवटी ‘ग्रेप’, केन थॉम्प्सनचं, फायलींच्या पोटात शिरून शब्द हुडकणारं. ‘गणपती’ टाकलं. उत्तर शून्य.

कारण हिशोब न्यू मार्केटकडच्या टायपिंगवाल्यानं कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला. वरून गणपती दिसतो. आत मात्र एक्स, टिंब, के, आय, आर, एच अशी निव्वळ रोमन अक्षरं. भाच्यानं टाकलेल्या युनिकोडच्या ‘ग’ची त्यांच्याशी सोयरीकच नाही. पन्नास वर्षांच्या ग्रेपला दोष काय द्यायचा?

भाचा अर्धा तास झुंजत होता. तेवढ्यात ताईनं दिवाणाखालून पिशवी ओढली. त्यात छापील प्रत, चहाच्या डागासकट. वर्गणी बाकी असलेल्यांत पहिलं नाव माझंच होतं.