खुर्चीचा दोष

16 सप्टेंबर 2017 रोजी लास व्हेगासमध्ये मुष्टियोद्धे गेनाडी गोलोवकिन आणि कानेलो अल्वारेझ बारा फेऱ्या लढले. पंच डेव्ह मोरेटी यांनी गोलोवकिनला 115-113 असे जिंकवले, डॉन ट्रेला यांना 114-114 अशी बरोबरी दिसली आणि अ‍ॅडलेड बर्ड यांनी अल्वारेझच्या पदरात 118-110 टाकले, म्हणजे बारापैकी तब्बल दहा फेऱ्या. ठोशांची आकडेवारी ठेवणाऱ्या कॉम्प्युबॉक्सच्या मोजणीत लागलेले ठोसे मात्र गोलोवकिनचे 218, अल्वारेझचे 169. निकाल? बरोबरी.

जाणकार समजावतात की नुसते ठोसे मोजून गुण देत नाहीत; ठोशाची धार, बचाव, रिंगणावरची हुकमत हेही बघावे लागते, शिवाय तीन बाजूंना बसलेल्या तिघांना वेगवेगळे दिसणारच. मान्य. पण खुर्चीच्या जागेने एखाददुसरी फेरी इकडची तिकडे होईल; दहा फेऱ्या मिळायला खुर्ची भलत्याच सामन्यासमोर मांडलेली हवी. यात कुणी पैसे खाल्ले असे म्हणायला पुरावा नाही, आणि तशी गरजही नाही. पंचाला आपल्या आकड्यांची कारणे लिहून द्यावी लागत नाहीत, एवढी सोय पुरते. वर्षभराने दोघांची लढत पुन्हा लावली, तिकिटेही पुन्हा खपली. 2017 ची ती बरोबरी आजही नोंदीत बरोबरीच आहे.