शिक्का खरा, पत्र खोटं

दुसऱ्याच्या नावानं ईमेल धाडून लोकांना लुबाडतात, हे ऐकून बंगळूरची तज्ज्ञ मंडळी अजून हबकतात. बीदरकरानं हबकू नये. आपल्याकडं हा प्रकार १४८१ सालीच होऊन गेलाय, तोही थेट वजिराच्या नावानं. महमूद गावानच्या वैऱ्यांनी त्याचा शिक्का सांभाळणारा नोकर फितवला, कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला आणि ओरिसाच्या राजाला स्वारीचं आवतण लिहिलं. सुलतान महंमदशहा तिसरा तेव्हा प्यालेला होता, असं फिरिश्ता लिहितो. गावान सांगत राहिला की शिक्का माझा आहे, पत्र माझं नाही. सुलतानानं चौकशी ठेवली बाजूला आणि मुंडकं उडवायचा हुकूम दिला. ज्यानं १४७२ साली गावात एवढा मोठा मदरसा उभा केला, त्याची ही गत. मग आपल्या जीएसटी बिलाला कोण विचारतो?

ईमेलचे मूळ नियम १९८२ सालचे. पाठवणारा स्वतःचं जे नाव सांगेल ते खरं, असा तो सत्ययुगी कारभार. चोर वाढले तेव्हा इलाज निघाले. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या नोंदीत जाहीर केलेली यादी : आमची पत्रं फक्त या सर्व्हरवरून निघतात. डीकेआयएम म्हणजे मजकुरावरच उठवलेला गुप्त किल्लीचा शिक्का. नंतर आकडा बदलला की शिक्का बाद. आणि डीमार्क बघतो, की वाचणाऱ्याला दिसणारं नाव आणि या दोघांपैकी एकानं तरी तपासून पास केलेलं नाव एकच आहे का. नसेल तर पत्राचं काय करायचं, हे मालकानं आधीच लिहून ठेवायचं.

गावानला यानं वाचवलं असतं का? छे! कोऱ्या कागदाची युक्ती डीकेआयएमपुढं चालली नसती, कबूल. पण शिक्केवालाच फितूर, म्हटल्यावर त्यानं मजकूर लिहून झाल्यावर शिक्का मारला असता. पत्र तिन्ही परीक्षांत पहिल्या वर्गात पास. आपल्या हापिसांत तर फितवायचीही गरज नाही, पासवर्ड मॉनिटरलाच चिकटवलेला असतो.

आता चौबाऱ्याजवळचा एखादा बिदरी कामाचा व्यापारी घ्या. वेबसाइट भाच्यानं करून दिली, होस्टिंग सगळ्यात स्वस्त ते घेतलं. एक दिवस हैदराबादच्या गिऱ्हाइकाचा फोन येतो : ‘‘शेठ, पैसे तुमच्या नव्या खात्यावर टाकले बघा.’’

‘‘कुठलं नवं खातं?’’

‘‘तुमच्याच मेलमधून आलतं की ओ!’’

भाचा म्हणतो, मी फक्त डिझाइन केलं. होस्टिंगवाला म्हणतो, तुमची तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे, आणि तिकिटाचा नंबर देतो.

स्वस्त होस्टिंग म्हणजे एक वाडा नि त्यात शेकडो बिऱ्हाडं. शेठच्या एसपीएफच्या यादीत लिहिलेलं असतं, की या वाड्यातून आलेलं पत्र माझं समजावं. शेजारच्या बिऱ्हाडकरूनं शेठचं नाव टाकून पत्र सोडलं, तर ते त्याच दिंडीतून निघतं. आत शिरताना कुणी कुठल्या नावानं दार उघडलं आणि पत्रावर कुठलं नाव टाकलं, हे वाड्याच्या मालकानं ताडून बघायला हवं. काही जण बघतच नाहीत. अमेरिकेतल्या सर्ट समन्वय केंद्रानं २०२४ साली नेमका हाच इशारा दिला : बऱ्याच मेल सेवांमध्ये एका ग्राहकाला दुसऱ्याचं नाव लावता येतं, आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिघंही मान डोलावतात.

तरी पण डीमार्क हवाच, असं आता सगळे म्हणतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं घाऊक मेल पाठवणाऱ्यांना तो सक्तीचा केला; घाऊक म्हणजे गूगलच्या लेखी दिवसाला पाच हजारांवर. त्यात मेख अशी, की ‘पी=नन’ एवढी नोंदही चालते. म्हणजे खोटं पत्र सापडलं तर काही करू नका, मागितला असेल तर मालकाला अहवाल तेवढा पाठवा. अहवाल येतात एक्सएमएलमध्ये, आणि जातात कुणीच न उघडणाऱ्या पेटीत. सीमाभागातल्या माणसाला यात वावगं काही वाटत नाही. आपला सीमेचा दावाच २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात ‘पी=नन’वर पडून आहे; अहवाल म्हणाल तर १९६७ चा महाजन आयोगाचा आहेच.

शेठ मात्र पैसे गेल्यामुळं पेटले होते. भाच्याला बसवून त्यांनी ‘नन’ खोडून ‘रिजेक्ट’ करायला लावलं. वाड्याबाहेरून सुटलेली खोटी पत्रं गिऱ्हाइकाच्या दारातूनच परत फिरू लागली. त्यांच्यामागोमाग शेठची स्वतःची बिलंही फिरली, कारण बिलं जायची दुसऱ्याच एका सॉफ्टवेअरमधून आणि ते यादीत घालायचं, शिक्क्याची किल्ली त्याला द्यायची, हे भाच्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. काम तसं दुपारभराचं. पण दिवाळीचा माल निघायचा होता, गिऱ्हाइकं बिलासाठी खोळंबली होती, आणि भाचा परीक्षेला कलबुर्गीला गेलेला. शेठनी त्याला फोनवर सांगितलं, ‘‘आधी होतं तसं कर रे बाबा. दिवाळी झाल्यावर बघू.’’